दहा मिनिटांचा थांबा

गल्लीत कुणाच्याही घरी कुकरची शिट्टी झाली की कंट्रोलर नाना ओट्यावरून मान वळवून घड्याळ बघायचे. शिट्टी वाजली म्हणजे कुठली तरी गाडी सुटली, आणि ती वेळेवर सुटली का हे बघणं आपलं काम, हा समज निवृत्तीला सात वर्षं झाली तरी गेला नव्हता. जाफराबादच्या स्टँडवर ते आधी कंडक्टर होते, मग वाहतूक नियंत्रक झाले. नियंत्रक हा शब्द आमच्याकडे कुणी तोंडात घेत नाही. ते कंट्रोलर, त्यांचं घर कंट्रोलरचं आणि त्यांची बायको कंट्रोलरकाकू. काकूंचं नाव कुसुम आहे, हे दहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही मला ठाऊक नव्हतं. मी तहसीलमध्ये कारकून. त्यांच्या रेशन कार्डाचं काम माझ्या टेबलावर आलं तेव्हा ते कळलं.

नाना बुटके, अंगानं कडक, रोज दाढी करणारे. शर्टाच्या वरच्या खिशात अजून शिट्टी असायची, तिची दोरी बाहेर लोंबायची. पाहुण्याला ते आग्रहानं बोलवायचे, काकूंना चहा टाकायला लावायचे, आणि बरोबर दहा मिनिटं झाली की म्हणायचे, "निघा आता. टाइम झाला." पाहुण्याच्या कपात चहा असला तरी. दहा मिनिटं हा स्टँडवरचा थांबा. तेवढ्यात माणूस उतरतो, पाणी पितो, मोकळा होतो आणि परत चढतो, ज्याला तेवढ्यात जमत नाही त्यानं प्रवासाला निघू नये, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान होतं. त्यात त्यांना कधी दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

त्यांची एक गोष्ट साऱ्या गल्लीला पाठ होती. काकू माहेरी टेंभुर्णीला निघाल्या होत्या. गाडीत बसल्या, पिशवी सीटवर ठेवली आणि पाणी प्यायला नळावर उतरल्या. नळावर गर्दी. इकडे थांबा संपला. कंडक्टर म्हणाला, "साहेब, वहिनी खाली राह्यल्या."

"मी म्हणलं, वहिनी असू दे न्हाईतर तुझा मंत्री असू दे," इथं नाना मांडीवर थाप मारायचे. "शिट्टी मारली. मार डबल बेल! पिशवी गेली टेंभुर्णीला अन् ही नळावर. सवताच्या बायकोला सोडून गाडी काढली मी. पुऱ्या तालुक्यात इचारा!"

लोक हसायचे. मीही हसायचो. एकदा मी विचारलं, मग काकू गेल्या कशा?

"गेली दुपारच्या गाडीनं. काय बिघडलं?"

या ठिकाणी काकू नेहमी कपबश्या उचलून आत जायच्या. मला वाटायचं, लाजतात.

त्यांच्या एकुलत्या मुलीनं पुण्यात नवीन फ्लॅट घेतला आणि एक दिवस गाडीतून एक पांढरं पॉमेरियन कुत्रं काकूंच्या मांडीवर आणून ठेवलं. सोसायटीत तक्रारी होतात, आई, तुझ्याकडे राहू दे. कुत्र्याचं नाव कुकी. काकूंनी दोन दिवसांत त्याचं कुक्या केलं. पुण्याच्या लाडाकोडात वाढलेल्या त्या कुत्र्याला एकही चांगली सवय नव्हती. ताटातलं खायचं नाही, हातातलंच खायचं. भाकरी दिसली की तोंड फिरवायचं. चहात बुडवलेलं बिस्किट, दुधात कुस्करलेली पोळी, वर गुळाचा खडा. तोही काकूंनी "हे बघ, मी खाते हां" म्हणून आधी स्वतः तोंडात घातल्यासारखं केलं तर. आणि झोपायचं कुठं, तर पलंगावर, नवराबायकोच्या मधोमध, काकूंच्या उशीवर डोकं ठेवून. खाली उतरवलं की रडायचं.

काकू त्याच्यासोबत जेवायला लागल्या. तीस-पस्तीस वर्षं नवऱ्याचं दहा मिनिटांचं जेवण वाढून झाल्यावर त्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या उभ्या खायच्या. आता खाली बसून, मांडी घालून, एक घास त्याला, एक घास मला, असं अर्धा अर्धा तास जेवायच्या. मी कधी भिंतीवरून डोकावलो तर त्या चक्क गप्पा मारत असायच्या. त्यांचा आवाज इतका मोकळा आहे हे मला त्या कुत्र्यामुळे कळलं.

सहा महिन्यांत कुक्या फुगला, तोंडाला वास यायला लागला. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की गोड बंद करा, मागच्या दाढा किडल्यात, खाणं ठरल्या वेळी द्या, अंथरुणात घेऊ नका. डॉक्टरांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. फक्त ते हे सगळं काकूंना सांगत होते आणि ऐकत होते नाना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी कुत्र्याचं नाव पॅसेंजर ठेवलं आणि ओट्यावर त्याच्यासाठी एक जर्मनची, अॅल्युमिनियमची ताटली मांडली. वरणात चुरलेली ज्वारीची भाकरी. हातात स्टीलचा चमचा. मला मुद्दाम हाक मारून बोलावलं.

"बघा आता. डबल बेल म्हंजी कर सुरू." त्यांनी ताटलीच्या कडेवर दोनदा चमचा वाजवला. टण टण. कुक्यानं वास घेतला, तोंड फिरवलं आणि काकूंकडे बघून शेपूट हलवली. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या.

"तू आत जाय," नाना म्हणाले. "दिसली की माजतंय ते."

काकू आत गेल्या. दहा मिनिटं आम्ही दोघं ती ताटली बघत बसलो. मग नानांनी एकदा चमचा वाजवला. "एक बेल. टाइम झाला." ताटली उचलून फडताळात. संध्याकाळी तीच ताटली, तेच टण टण, तीच दहा मिनिटं, तोच एक टण.

तीन दिवस कुक्यानं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. काकूंनीही नाही. ते नानांच्या लक्षात आलं नसावं, कारण त्यांचं ताट त्यांना वेळेवर मिळत होतं. मी हे ऑफिसात रंगवून रंगवून सांगत होतो. लोक सकाळी आल्या आल्या विचारायचे, काय, आज पॅसेंजर चढला का? चौथ्या दिवशी सकाळी नानांनी टण टण केलं आणि कुक्या ताटलीवर तुटून पडला. गल्लीतले सात-आठ जण होते. टाळ्या पडल्या. नानांचा चेहरा त्या दिवशी जसा फुलला होता तसा मी नंतर कधी पाहिला नाही.

"भुकेसारखा कंट्रोलर न्हाई," ते म्हणाले.

इथं थांबले असते तर मीही ही एक गमतीची आठवण म्हणूनच सांगितली असती. पण कुक्याच्या दाढा किडलेल्या. भाकरी चावायला त्याला वेळ लागायचा. दहा मिनिटांत अर्धी ताटली व्हायची आणि चमचा वाजायचा. नाना त्याच्या तोंडाखालून ताटली ओढून घ्यायचे, घास जिभेवर असताना. मग तो न चावता गिळायला शिकला. गिळायचा आणि थोड्या वेळानं तुळशीच्या कुंडीमागे जाऊन ओकायचा. काकू फडकं घेऊन मागं मागं पुसत फिरायच्या.

"टायमात खाल्लं का न्हाई?" नाना विचारायचे. "बाकी त्याचा तो बघंल."

कुत्रं वाळलं. दवाखान्यात वजन केलं तेव्हा डॉक्टरांनी शाबासकी दिली. नानांनी ती घरी येऊन तीनदा सांगितली.

एक दिवस मी ऑफिसला निघालो होतो, काकूंनी भिंतीपाशी गाठलं. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "भाऊ, तुमचं ऐकतेत हे. दहाची पंधरा मिनिटं करा म्हणावं. जास्त न्हाई. त्याला बराबर चावता येत न्हाई हो. दाढा दुखतेत."

"बोलतो ना काकू. उद्या बोलतो."

मी बोललो नाही. विसरलो असं म्हणता येईल, पण ते खोटं आहे. नानांच्या ओट्यावर माझी एक जागा होती, मी त्यांचा हक्काचा प्रेक्षक होतो, आणि पाच मिनिटांसाठी ती जागा घालवायची माझी तयारी नव्हती. काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

मग झोपेचा कार्यक्रम आला. खेड्यात रात्रीला थांबते ती मुक्कामी गाडी, ती डेपोत थोडीच झोपते, असं म्हणून नानांनी कुक्याचा मुक्काम पलंगावरून ओट्यावर हलवला. तो दार खरवडायचा. तेव्हा त्यांनी मोसंबीचं एक रिकामं प्लास्टिकचं कॅरेट आणलं, कुत्र्यावर पालथं घातलं आणि वर दगड ठेवला. नऊ वाजता दगड चढायचा, सहाला उतरायचा. पहिले काही दिवस सगळ्या गल्लीला झोप नव्हती. नाना तांब्याभर पाणी आणून कॅरेटवर ओतायचे. डिसेंबरचे दिवस होते. आठवड्याभरात आवाज बंद झाला आणि लोकांनी नानांचे आभार मानले. त्यात माझी बायकोही होती.

त्याच दिवसांत मी एकदा सहाच्या आत दूध आणायला निघालो, तर काकू ओट्यावर कॅरेटला टेकून बसलेल्या. अंगावर घोंगडी. कॅरेटच्या फटीतून एक बोट आत घातलेलं आणि कुत्रं त्या बोटावर नाक टेकवून झोपलेलं. कधीपासून बसल्या होत्या कुणास ठाऊक. बोट पांढरं पडलं होतं. मी चप्पल न वाजवता जायला बघत होतो, पण त्याच बोलल्या.

"भाऊ, टेंभुर्णीच्या गाडीची गोष्ट ऐकली ना तुम्ही?"

"हो काकू. किती वेळा."

"माझ्या आईचं जास्त झाल्तं त्या दिवशी. निरोप आल्ता, जल्दी या म्हणून. ह्यांना माहिती होतं." त्या बोट न हलवता बोलत होत्या. "मी पोचले तवर नेल्तं तिला. पिशवी तेवढी कुणी तरी घरी पोचती केल्ती. ओसरीवर ठेवल्ती."

मी म्हणालो, "नाना हे कधी बोलले नाहीत."

"त्यांची गोष्ट स्टँडवरच सरती," काकू म्हणाल्या. "मी नुसतं वाट बघून राह्यले, कधी तरी पुढची सांगतील म्हणून."

आतून नानांच्या खाकरण्याचा आवाज आला. काकूंनी बोट काढून घेतलं. नानांनी त्यांना बाहेर बघितलं. ते रागावत नसत, हे त्यांचं वैशिष्ट्यच होतं. त्या दिवशी त्यांनी कॅरेट, दगड आणि कुत्रं गच्चीवर नेलं आणि जिन्याच्या दाराला कुलूप घालून किल्ली शिट्टीच्या दोरीत ओवली.

उन्हाळा लागायच्या सुमारास नानांना लकवा मारला. सकाळी दाढी करता करता उजवी बाजू गेली, वाचा गेली. मीच जीप करून त्यांना जालन्याला नेलं. बारा-तेरा दिवस काकू दवाखान्यात होत्या आणि कुक्या आमच्याकडे. बायकोनं त्याला दूध-पोळी दिली, बिस्किटं दिली. तो समोर बसून नुसता बघायचा, लाळ गळायची, पण तोंड लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी मला सुचलं. मी चमच्यानं ताटलीवर टण टण केलं. तो तुटून पडला. बायको म्हणाली, किती शहाणं कुत्रं आहे. मी एक बेल वाजवायला विसरलो, तर ताटली चाटून साफ झाल्यावरही तो तिच्यापाशी बसून राहिला. शेवटी मी एकदा वाजवलं तेव्हा उठला.

नानांना घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोर काकूंना समजावलं होतं. सगळं कळतं त्यांना, फक्त बोलता येत नाही. मऊ द्या, थोडं थोडं द्या, घाई करू नका. एका जेवणाला पाऊण तास लागेल. काकूंनी मान हलवली.

त्यांची खाट ओट्यावर टाकली. आत उकडतं, असं काकू म्हणाल्या. आल्यागेल्याशी बोलता येईल, असंही म्हणाल्या, आणि मग बोलता येत नाही हे आठवून गप्प झाल्या. मुलगी पुण्याहून येऊन दोन दिवस राहून गेली. आई सगळं किती वेळेवर करते हे बघून तिचा जीव भांड्यात पडला. गल्लीतही तेच बोललं जायचं, कंट्रोलरकाकू घड्याळ लावून सेवा करतात. गच्चीचं कुलूप निघालं होतं. कॅरेटमध्ये आता कांदे होते. कुक्याला पलंग मोकळा होता, पण तो तिथं जायचा नाही. तो नानांच्या खाटेखाली बसायचा.

मी महिनाभर आत डोकावलो नाही. जाता येता ओट्यावर हात करायचो आणि पुढं जायचो. एका रविवारी सकाळी काकूंनीच हाक मारली. "भाऊ, या. चहा घ्या. तुमची वाट बघतेत हे."

नाना खाटेवर भिंतीला टेकून बसवलेले. दाढी वाढलेली. मनगटं इतकी बारीक झालेली की मी आधी डाव्या हाताकडे बघितलं, मग उजव्या, लकव्याचा कुठला हे कळेना. आतलं भिंतीवरचं घड्याळ बाहेर आणून खाटेसमोर टांगलेलं होतं.

"मी आणलं बाहेर," काकू म्हणाल्या. "ह्यांना दिसावं म्हणून."

त्यांनी नानांसमोर पाट ठेवला, पाटावर ताट. वरणात चुरलेली ज्वारीची भाकरी. मग पदरातून स्टीलचा चमचा काढला आणि ताटाच्या कडेवर वाजवला. टण टण. खाटेखाली कुक्या उभा राहिला.

नानांनी डाव्या हातानं घास घेतला. अर्धा तोंडात गेला, अर्धा उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला. ते चावत राहिले. एकच घास किती तरी वेळ चावत होते, गळ्याची गाठ वर जायची आणि तशीच खाली यायची. दुसरा घास. चहाचा कप माझ्या हातात गार होत होता. मी घड्याळाकडे न बघायचं ठरवलं आणि बघितलं. सात मिनिटं झाली होती आणि ताटातली भाकरी कमी झाल्यासारखी वाटत नव्हती.

"काकू," मी म्हणालो, "डॉक्टर पाऊण तास म्हणाले होते."

"माहितीये की."

"मग थोडं थांबलं तर..."

"मी कुठं न्हाई म्हणते?" काकू माझ्याकडे न बघता बोलल्या. आवाज अगदी मऊ होता, कुक्याशी गप्पा मारतानाचा. "बोलता न्हाई येत, पण हात हलतो ना डावा. हातानं थांब म्हणावं. नुसता पंजा दाखवावा. एक डाव थांब म्हणू द्या त्यांना, मंग मी दिवसभर बसते इथं ताट धरून. माझ्या हातानं भरवते. महिना झाला भाऊ, रोज दोन टाइम वाट बघून राह्यले मी."

नाना ऐकत होते. त्यांना सगळं कळत होतं, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या डोळ्यांत भूक होती. ती लपत नव्हती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. या माणसाचं मी इतकी वर्षं खाल्लं, हसलो, आणि आता त्याच्यासाठी एक वाक्य बोलून गप्प बसलो होतो. काकूंचा मला राग यायला हवा होता. तो येत नव्हता, याचीच भीती वाटत होती.

दहा मिनिटं झाली. काकूंनी चमचा उचलला, पण वाजवला नाही. तो ताटावर तसाच धरून बसल्या. साडेदहा मिनिटं झाली. त्या नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, त्या आज वाजवणारच नाहीत. मला वाटलं, नाना फक्त एक बोट वर करतील तरी पुरे, त्या रडत रडत त्यांना भरवतील आणि हे सगळं इथंच संपेल.

नानांनी घड्याळाकडे बघितलं. मग काकूंच्या चमच्याकडे. कपाळाला आठी पडली, स्टँडवर एखादी गाडी उगाच उभी राहिली की पडायची तीच. त्यांनी डावा हात उचलला. काकू पुढं झुकल्या.

नानांनी त्या हाताचं एक बोट ताटाच्या कडेवर आपटलं. एकदा. मग तोंडातला घास तसाच हनुवटीवर सोडून ताट दूर लोटलं.

काकूंनी ताट उचलून खाटेखाली ठेवलं. "कुक्या, खाय रे बाबा. सावकाश खाय. तुला काही टाइम न्हाई." त्यांनी एक घास हातात घेऊन त्याच्या तोंडाशी धरला. कुत्र्यानं वास घेतला, लाळ गळाली, पण तोंड फिरवून वर बघितलं. काकूंनी हात आणखी पुढं केला. "खाय ना रे. मी खाते हां, हे बघ." आणि त्यांनी खरंच तो घास स्वतःच्या तोंडाला लावला.

वरून, खाटेच्या लोखंडी पट्टीवर, नानांनी दोनदा वाजवलं. कुक्या ताटावर तुटून पडला.

काकू हातातला घास तसाच धरून आत गेल्या. मी उठायचं म्हणत होतो. तेव्हा नाना माझ्याकडे वळले. कपात माझा चहा तसाच होता. त्यांनी समोरच्या घड्याळाकडे डोळे नेले, मग डाव्या हाताचा पंजा उघडून माझ्या दिशेनं हलवला, दोनदा, फाटकाकडे. त्या हलवण्यात थांब असं काहीच नव्हतं. मी कप ठेवला आणि निघालो.